कालव्यातील शेजार

गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी पाहण्यासाठी पर्यटकांच्या होड्या फिरतात. एरवी गोड्या पाण्यात राहणारी ही मगर येथे निमखाऱ्या पाण्यात नांदते, हे नवलच होय. ते पाहावयास कोणी आला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पाहणे आणि छेडणे यांतील भेद होडीवाल्याने विसरता कामा नये.

ओहोटीला चिखलावर पडलेली मगर आळसावलेली नसते. शीत रक्ताच्या या प्राण्याला अन्न पचविण्यासाठीही उन्हाची ऊब लागते. छायाचित्राच्या हव्यासाने होडी काठाला भिडविली, की तिला ऊन सोडून पाण्यात शिरावे लागते. त्याहून घातक म्हणजे तिला आमिष दाखविणे. होडीपाशी अन्न मिळते हे एकदा कळले, की तिला माणसाचे भय उरत नाही. पर्यटक सायंकाळी परततो. जाळे टाकणारा कोळी मात्र उद्याही त्याच पाण्यात उतरणार असतो.

फोंडा तालुक्यातील काही गावांत पौष अमावास्येला, माणगे थापणीच्या दिवशी, मातीची मगर घडवून पुजतात. खाजनाचे बांध राखणाऱ्या शेतकऱ्याने या शेजाऱ्याचा मान असा जपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मगरीला अभय दिले. आता काठाजवळ यंत्र बंद ठेवणे, अंतर राखणे आणि आमिष न टाकणे, या अटी होड्यांच्या परवान्यातच घातल्या पाहिजेत. शेजार टिकला, तरच हा व्यवसायही टिकेल.