मुसाफिराच्या गावी



पाहुणे आले की आपण पुंडलिकनगरकर त्यांना पाणचक्की दाखवायला नेतो. हौद, भला मोठा वड आणि पडणारे पाणी पाहून मंडळी परततात. ज्यांची तेथे कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर कोठले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते बुखारा शहराजवळच्या गिजदुवानचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातले. त्यांच्या या स्थानी डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणले गेले. त्या पाण्यावर जाते फिरे आणि फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी दळण होई. आता आपणच मुसाफिर होऊन त्यांच्या मुलखात गेलो, तर काय पाहावे?

बुखाऱ्यात इमारतींची वाण नाही. 1127 सालचा कलान मिनार सुमारे 46 मीटर उंच आहे. तो जरूर पाहावा. पण मिनार पाहिला म्हणजे गाव पाहिले असे होत नाही. गाव पाहायचे तर पाण्याकाठी बसावे. 1620 च्या सुमाराचा ‘लब-इ-हौज’ तेथे आजही भरलेला आहे. ‘लब’ म्हणजे ओठ किंवा काठ, आणि ‘हौज’ तोच आपला हौद. काठावर जुनी तुतीची झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीत चहा मिळतो. हा चहा हिरवा, बिनदुधाचा. यजमान तो पेल्यात ओतून पुन्हा किटलीत घालतो. असे तीनदा झाल्यावर मग पाहुण्याला देतो. पेला काठोकाठ भरीत नाहीत. थोडा चहा म्हणजे कंजूषपणा नव्हे. पुन्हा पुन्हा ओतायला मिळावे, पाहुणा बसावा, हा त्यातला भाव.

सकाळी गल्लीतल्या तंदुरापाशी जावे. तंदुराच्या भिंतीला थापलेली गोल रोटी म्हणजे ‘नोन’, आपल्या शहरातल्या नान-खलियातला नान. ती पालथी ठेवीत नाहीत आणि हाताने मोडून सर्वांना वाटतात. वस्तीला तेथे ‘महल्ला’ म्हणतात आणि घुमटाखालच्या एका जुन्या बाजाराचे नाव सराफांवरून पडले आहे. इतके शब्द ओळखीचे निघाल्यावर परकेपणा कितीसा उरणार?

पण या हौदांची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. एके काळी बुखाऱ्यात असे शंभराच्या आसपास हौद होते. पखाली पाणी भरून घरोघर पोचवीत. लोक पायऱ्या उतरून त्याच पाण्यात पाय बुडवीत आणि तेच पाणी पीत. त्यातून नारू पसरे. नारू म्हणजे काय हे आपल्याकडच्या वृद्धांना सांगावे लागणार नाही. रोग्याच्या जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात उतरतात, बारीक जलकीटक ती गिळतात आणि तो कीटक पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातो. 1920 मध्ये अमिराची सत्ता गेली. त्यानंतर सोव्हिएत राजवटीत हौद उपसले, बहुतेक बुजविले, नळ आणले. 1930 नंतर थोड्याच वर्षांत नारू तेथून हटला. भारत नारूमुक्त जाहीर व्हायला 2000 साल उजाडले.

हौद बुजविले ते योग्यच झाले, कारण माणूस वाचला. मात्र पाण्याबरोबर महल्ल्याची रोजची बैठकही उठली. म्हणून उरलेल्या हौदाकाठी संध्याकाळी आजोबा आणि नातवंडे एकत्र दिसली, तर ते दृश्य नुसते चित्र काढण्यापुरते समजू नये. पाण्याची वाट पाहणे काय असते आणि जुन्या नहरींची दुर्दशा काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेथल्या माणसाशी बोलायला याहून चांगला विषय कोणता?

यजमानाच्या घरी आपण भिंती मोजीत नाही. आधी बसतो, पाणी घेतो, खुशाली विचारतो. परगावीही हीच रीत पाळावी. बुखाऱ्याकडच्या एका मुसाफिराला आपल्या शहराने घर दिले आणि त्याच्या नावाच्या जागी वाटसरूंसाठी जाते फिरले. त्याच्या गावी जाताना आपण प्रेक्षक म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून जावे, एवढेच सांगणे.