दौंड–बारामतीची छोटी गाडी

शिरूरच्या एका मित्राने परवा विचारलं, "आपल्या भागात बंद पडलेली एखादी रेल्वे आहे का रे?"

शिरूर गावात रूळ आलेच नाहीत. पण शेजारी दौंडला गोष्ट आहे.

आजची दौंड–बारामती लाइन 1914 साली सुरू झाली ती नॅरोगेज म्हणून. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर, ब्रॉडगेजचं 1676. बार्शी लाइट रेल्वेचंही माप हेच.

बारामतीकडे नीरा डाव्या कालव्यावर ऊस वाढला, गूळ बाहेर जायला हवा होता. अरुंद लाइन टाकायला स्वस्त पडायची. पण दौंडला प्रत्येक ढेप छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायची. हमाली वेगळी, वेळ वेगळा, फुटतूट वेगळी. माझ्या मते छोट्या गाड्यांना या खोळंब्यानेच मारलं.

पुढे ब्रॉडगेज झालं. मार्ग टिकला, छोटी गाडी गेली.

दौंडची आणखी एक सवय मोडतेय. मनमाडहून पुण्याला येणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. आता दोन्ही मार्ग थेट जोडणाऱ्या कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्या दौंड जंक्शनात न शिरताच पुढे जातात.

घरी कुणी त्या छोट्या गाडीने प्रवास केलाय? फोटो, तिकीट, आठवण काहीही असेल तर नक्की टाका. प्रश्नही विचारा.