गाडीचा विमा : हप्ता कुठे कमी होतो आणि कुठे होऊ देऊ नये

गाडीच्या विम्याची पॉलिसी उघडून पाहिली तर हप्त्याचा तक्ता दोन भागांत दिसतो. एक भाग ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. दुसरा ‘लायबिलिटी’चा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा, यालाच सगळे थर्ड पार्टी म्हणतात. ‘स्वस्त विमा कुठे मिळतो?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या तक्त्यापासूनच सुरुवात करावी लागते. थर्ड पार्टीच्या भागात घासाघीस चालत नाही. जी बचत आहे ती ओन डॅमेजच्या भागात आहे आणि फसगतही बहुतेक वेळा तिथेच होते.

कायद्याने लागणारा विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यांदा पकडले गेल्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. या विम्याचे दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी मोटारीचा वार्षिक दर १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. दुचाकीसाठी ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये. हा दर रायपूरच्या पंडरीत, नागपूरच्या सीताबर्डीत आणि मोबाइलवरच्या ॲपवर एकच आहे. कोणी ‘थर्ड पार्टी अर्ध्या किमतीत करून देतो’ म्हणाला तर तो सवलत देत नसून बनावट कागद देतो आहे, असे समजायला हरकत नाही. नवी गाडी घेताना मोटारीचा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता एकदम भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आहे.

या विम्यात दुसऱ्याचा मृत्यू किंवा इजा झाल्यास भरपाईला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र मोटारीच्या विम्यात मर्यादा साडेसात लाख रुपयांची आहे.

इथे विद्यार्थ्यांनी थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ती त्यांच्याच बाबतीत जास्त घडते. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीच्या मागे बसलेला मित्र, किंवा अशा खासगी मोटारीत फुकट बसलेले प्रवासी, कायद्याच्या अर्थाने ‘थर्ड पार्टी’ धरले जात नाहीत. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्कूटरच्या मागे बसलेल्या व्यक्तीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, ‘पॅकेज’ म्हणजे कंप्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडीतल्या प्रवाशांबद्दलची जबाबदारी येते. चार मित्र रायपूरहून मोटारीने नागपूरला निघाले, वाटेत देवरीजवळ गाडी झाडावर आदळली आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असली, तर जखमी मित्रांच्या भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, म्हणजे बहुधा कुणाच्या तरी वडिलांवर, येतो. जुनी गाडी आहे म्हणून ‘फक्त थर्ड पार्टी पुरे’ हे गणित करताना हा खर्च कुणी धरत नाही.

पॉलिसीसोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो. नाव नीट वाचा : मालक-चालक. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्यातून काही मिळत नाही. घरात वडिलांच्याच नावावर दुसरी गाडी असून तिच्यावर हा विमा आधीच असेल तर तो पुन्हा घेण्याची गरज नाही. अशा वेळी तेच पैसे गाडीतल्या प्रवाशांच्या अपघात विम्याकडे वळवलेले बरे.

आकडे मांडून पाहू

ओन डॅमेजचा हप्ता आयडीव्हीवर ठरतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल ती रक्कम. कंपनीच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, पुढच्या वर्षी ३० टक्के, मग ४०, मग ५०. पाच वर्षांनंतर ती रक्कम मालक आणि कंपनी आपसात ठरवतात.

समजा १,१९७ सीसीची आठ लाखांची गाडी तीन वर्षे पूर्ण करून चौथ्यात आहे आणि आजवर क्लेम घेतलेला नाही. आयडीव्ही ४,८०,००० रुपये. जुन्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘ए’मध्ये, बाकी सगळा देश, म्हणजे रायपूर आणि नागपूरसुद्धा, ‘बी’मध्ये. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, पण हा जुना तक्ता पाया म्हणून अजून उपयोगी पडतो. या गाडीला झोन बीचा दर ३.१९१ टक्के, म्हणजे १५,३१७ रुपये. कंपनीने ५० टक्के सूट दिली असे धरू : ७,६५८. तीन वर्षे क्लेम नाही म्हणून ३५ टक्के नो क्लेम बोनस : उरले ४,९७८. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले की ८,३९४, आणि १८ टक्के जीएसटीसह ९,९०५ रुपये. अपघात विमा यात धरलेला नाही. हीच गाडी पुण्यात नोंदलेली असती तर ३.२८३ टक्के दराने जीएसटीसह साधारण १७० रुपये जास्त पडले असते. झोन गाडीच्या नोंदणीवरून ठरतो, ती कुठे चालते यावरून नाही. सीजी ०४ची गाडी नोकरीनिमित्त पुण्याला नेली म्हणून लगेच दर बदलत नाही. तिथे नोंदणी बदलली की बदलतो.

आता दुसरा एजंट ९,१७१ रुपयांचे कोटेशन आणतो. ७३४ रुपये स्वस्त! पॉलिसी नीट पाहिली तर आयडीव्ही ४,२०,००० लिहिलेला असतो. बाकी दर, सूट, बोनस सगळे तेच. गाडी चोरीला गेली तर मालकाला ६०,००० रुपये कमी मिळतील. या कोटेशनमध्ये स्वस्त असे काहीच नाही, माल कमी दिला आहे एवढेच. म्हणून दोन कोटेशनांची तुलना करताना आयडीव्ही आणि घेतलेली ॲड-ऑन कव्हरे तंतोतंत सारखी करून घ्यावीत. मगच फरक खऱ्या सुटीचा दिसतो, आणि तो कंपनी-कंपनीत बराच असतो. नूतनीकरणाची नोटीस आली की तीच रक्कम भरून टाकण्याऐवजी तीन-चार ठिकाणी भाव विचारायला जेमतेम अर्धा तास लागतो.

क्लेम घ्यायचा की नाही

नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो, मग क्लेम दोन हजारांचा असो की दोन लाखांचा. वरच्याच गाडीचा पुढचा बंपर पार्किंगमध्ये फुटला. बंपर ४,००० रुपये, बसवायची मजुरी २,०००. बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात; गाडी कितीही नवी असो. मिळाले २,००० अधिक मजुरीचे २,०००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची १,००० रुपयांची सक्तीची वजावट, जिला गॅरेजवाले ‘फाइल चार्ज’ म्हणतात. हातात ३,०००. पुढच्या वर्षी आयडीव्ही चार लाख धरला तर ४५ टक्के बोनसने ओन डॅमेजचा हप्ता ३,५१० होणार होता. आता ६,३८२ होईल. जीएसटीसह तोटा ३,३८९ रुपये, आणि त्यापुढच्या वर्षीही ५० ऐवजी २० टक्केच बोनस. म्हणजे क्लेम घेऊन मालकाचे नुकसानच झाले. छोटी डेंटिंग-पेंटिंग स्वतःच्या खिशातून करावी ती याच कारणाने.

बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी विकून नवी घेताना तो नव्या गाडीवर नेता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो जातो. शिवाय कंपनी गाडी तपासल्याशिवाय ओन डॅमेज देत नाही.

ॲड-ऑन : एक जरूर समजून घ्या

‘झिरो डेप’ घेतले की वरची ५० टक्के कपात होत नाही. पहिल्या पाच वर्षांत ते परवडते. पण इंजिनच्या कव्हराविषयी जरा खोलात जाऊ, कारण ते थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातले उदाहरण आहे. पावसाळ्यात रेल्वेच्या अंडरब्रिजखाली गुडघाभर पाणी साचते. गाडी त्यात जाते, एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते, इंजिन बंद पडते. इथवर नुकसान किरकोळ असू शकते. मग चालक घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो. कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये पिस्टन वर येतो, पण पाणी हवेसारखे दबत नाही; तो सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साध्या कंप्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराने झालेले नुकसान येते, पण स्टार्टर मारल्यामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी ‘परिणामी नुकसान’ म्हणते आणि ते वगळते. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या, तेव्हा हा भेद कळीचा ठरला. इंजिन प्रोटेक्ट कव्हर याचसाठी असते. ते असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करून पाहू नका. ढकलून किंवा टो करून बाहेर काढा.

दुसऱ्या बाजूला, सध्याच्या वजावटीवर स्वतःहून जास्त वजावट स्वीकारली तर हप्ता कमी होतो. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० रुपयांच्या ऐच्छिक वजावटीवर २० टक्के सूट होती, पण जास्तीत जास्त ७५० रुपये. छोटे क्लेम घ्यायचेच नसतील तर हा मार्ग बरा. वर्षाला फार कमी चालणाऱ्या गाडीसाठी २०२२ पासून किलोमीटरवर आधारित ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ही मिळते.

जुनी गाडी, लायसन्स आणि तक्रार

सेकंडहँड गाडी घेतली की थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो, ओन डॅमेज जात नाही. १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. विकणाऱ्यानेही आरसीवरचे नाव बदलेपर्यंत निर्धास्त होऊ नये : अपघात झाल्यास नोंदीवरचा मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली तर ओन डॅमेजचा क्लेम फेटाळला जातो, आणि जखमीला दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

क्लेम चुकीने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात. छत्तीसगडसाठीचे लोकपाल कार्यालय भोपाळला आहे, पण तक्रार ऑनलाइनही करता येते. तिच्यासोबत पॉलिसी, सर्व्हेअरचा अहवाल आणि कंपनीचे नकाराचे पत्र जोडावे लागते. म्हणून नकार फोनवर कळवला गेला असेल तर तो कंपनीकडून लेखी मागून घ्या.