एका सोन्याच्या नाण्याला एक गुण

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून एक खेळ बाजारात आला. खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, शेवटी कुणी जिंकायचंही नव्हतं. पहिल्या छपाईत फक्त एक हजार प्रती निघाल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे कल्पनारम्य भूमिका-खेळांचा मूळपुरुष.

तो खेळतात असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार. तो सांगतो की समोर भुयार आहे, दाराला साखळी आहे, आतून कुबट वास येतोय. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं बोलतात. एक म्हणते, “मी साखळी तोडते.” दुसरा म्हणतो, “थांब, आधी कान लावून ऐकू.” जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. पुढच्या बैठकीत गोष्ट जिथे थांबली तिथून पुन्हा सुरू.

अशा खेळांसाठी रचलेल्या जगांवर शेकडो पानांचे ग्रंथ आहेत. त्यात नकाशे, राजांच्या वंशावळी, देवदेवतांच्या याद्या असतात. ते वाचायला फार सुंदर असतात. पण टेबलाशी बसलेल्या माणसाला जगाची ओळख होते ती नियमांतून. तिथे कशाला बक्षीस मिळतं, काय दुर्मीळ आहे, कशाची किंमत मोजावी लागते, यावरून.

सोन्याचंच बघा. सुरुवातीच्या नियमांत पात्राची बढती अनुभवाच्या गुणांवर ठरे आणि भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण मिळे. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीनं अक्राळविक्राळ प्राणी मारण्याचे गुण बरेच कापले. मग शहाणी मंडळी ड्रॅगनशी लढतील कशाला? तो झोपला असताना खजिना लांबवण्यातच शहाणपण होतं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण गेले आणि संकटावर मात करण्याचे गुण मुख्य झाले. भुयारं तीच, ड्रॅगनही तेच. पण चोरपावलांनी फिरणारी टोळी जाऊन तिथे लढवय्ये वीर आले.

फाशांचंही तसंच आहे. पात्राची ताकद किंवा बुद्धी ठरवताना सहा बाजूंचे तीन फासे टाकण्याची जुनी रीत आहे. त्यात २१६ शक्यता असतात. दहा किंवा अकरा पडण्याच्या ५४, अठरा पडण्याची फक्त एक. म्हणजे बहुतेक पात्रं तुमच्याआमच्यासारखी निघतात आणि असामान्य माणूस खरोखर विरळा ठरतो. वार करताना मात्र वीस बाजूंचा एकच फासा टाकतात, आणि त्यावरच्या प्रत्येक आकड्याला सारखीच, पाच टक्के संधी असते. लढाईतली अनिश्चितता त्या एका फाशातून येते.

नियम आणि जग एकजीव झाल्याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे १९९१चं ‘डार्क सन’ हे डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी रचलेलं जग. अथास नावाच्या या जगात जादूनं जमिनीतला जीव शोषून घेतलाय आणि सगळीकडे वाळवंट पसरलंय. धातू जवळजवळ संपलाय, म्हणून शस्त्रं हाडाची, दगडाची, लाकडाची. ती ऐन लढाईत मोडू शकतात. नाणी भाजलेल्या मातीची. पाणी किती उरलं याचा हिशेब ठेवावाच लागतो. इथे तगलेली माणसं कणखरच असणार, म्हणून ताकद-बुद्धीसाठी चार बाजूंचे पाच फासे टाकायचे. आकडा पाचच्या खाली येतच नाही, वर वीसपर्यंत जातो. तरीही मरण इतकं जवळ, की प्रत्येक खेळाडूनं एक पात्र खेळायचं आणि तीन राखीव ठेवायची, अशी सोय नियमांतच आहे.

आणि खरी धार जादूत. जादूगार दोन वाटांनी जाऊ शकतो. एकीत भोवतालची झाडंझुडपं जपून शक्ती घ्यायची, दुसरीत ती जाळून राख करायची. जाळणाऱ्याला बढती लवकर मिळते. हे जग कसं उजाड झालं ते सांगायला इतिहासाचं प्रकरण लागतच नाही. पुढच्या पायरीची घाई झालेल्या खेळाडूच्या मनात तो इतिहास आपोआप उमटतो. भूमिका-खेळांच्या रचनेत याहून नेमकं काम क्वचितच झालं असेल.

ग्रेग स्टॅफर्ड यांनी दुसरी वाट धरली. १९६६ सालापासून ते ‘ग्लोरांथा’ नावाचं जग रचत होते. तिथे पुराणकथा अक्षरशः खऱ्या आहेत. सूर्य हा देवच आहे आणि रात्री तो पाताळातून प्रवास करतो. १९७८ साली स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी या जगासाठी ‘रूनक्वेस्ट’चे नियम बांधले. त्यात योद्धा, जादूगार असे ठरीव वर्गच नाहीत. जे कसब वापराल ते वाढेल, आणि जितकं वाढेल तितकी पुढची वाढ अवघड. जादू हवी तर एखाद्या देवाच्या पंथात शिरायचं, त्याचे आचार पाळायचे, वेळ आणि मिळकतीचा वाटा द्यायचा. त्यामुळे तिथली श्रद्धा वर्णनातच अडकून पडत नाही, रोजच्या व्यवहारात उतरते.

नियम उसने घेतले की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात राक्षस आहे. चित्रात वाघाचं तोंड, अंगावर झोकदार कोट, हातात पाइप. समोरच्याचा जिच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीचं रूप तो घेतो आणि मंतरलेल्या बाणानं मरतो. ही लक्षणं रामायणातून आलेली नाहीत. १९७४ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या मालिकेच्या एका भागात राक्षस दाखवला होता, तिथली ती आहेत. खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही त्या बाणाची खूण शिल्लक आहे: सज्जनाच्या हातातलं टोकदार मंतरलेलं शस्त्र त्याला जास्त लागतं.

जानेवारी २०२३ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशकांनी खेळाचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय देऊन ते कुणीही बदलावेत, छापावेत, विकावेत. त्या नियमांत हा राक्षसही आहे. त्याला पुन्हा घडवायचं तर वाघाचं तोंड बदलून भागणार नाही, आधी त्याचा नियम बदलावा लागेल. सामग्री आपल्याकडे तयार आहे. रावणानं देव, दानव, यक्ष यांच्याकडून मरण न येण्याचा वर मागितला आणि माणसाला वगळलं. हिरण्यकशिपूनं दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-पशू सगळं मोजून घेतलं, तरी उंबरठा आणि संध्याकाळ राहून गेली. हे वर म्हणजे पळवाट असलेले पक्के नियमच आहेत. असा शत्रू टेबलावर आला, तर खेळाडू मोठी तलवार शोधणार नाहीत. तो नेमकं काय मागायला विसरला, हे शोधत ते गावोगाव फिरतील.