दुसऱ्या खेपेची पलटण

पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, चालती वकिली, भरलेले घर. आणि त्याने पेटीच्या तळाशी ठेवलेला लष्करी पोशाख पुन्हा बाहेर काढला, तर घरातील वडील मंडळी काय म्हणतील हे सांगावयास नकोच. १९४० साली ऑस्ट्रेलियातील पुष्कळ घरांवर हा प्रसंग आला.

तेथे मिलिशिया नावाची फौज होती. वकील, शिक्षक, व्यापारी आपापला व्यवसाय सांभाळून तीत कवाईत करीत. मात्र १९०३ च्या कायद्यान्वये तिला सक्तीने देशाबाहेर धाडता येत नसे. परदेशी लढावयाचे तर नव्या फौजेत स्वेच्छेने नाव घालावे लागे. तीतील पलटणींच्या आकड्याआधी ‘दोन’ लावीत. पहिल्या महायुद्धातील पलटणींशी घोटाळा होऊ नये म्हणून.

ॲडलेडचे आर्थर ब्लॅकबर्न १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर साधे शिपाई म्हणून उतरले होते. पुढल्याच वर्षी फ्रान्समधील पोझिएर येथे, हातबाँब घेतलेल्या तुकड्यांसह शत्रूच्या खंदकावर वारंवार चालून जाऊन, त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. मग वकिली, काही काळ कायदेमंडळ, १९३३ पासून शहराचे कॉरोनरपद. जुलै १९४० मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, ते २/३ मशीनगन पलटणीचे अधिपती झाले. जून १९४१ मध्ये दमास्कसची शरणागती त्यांनीच स्वीकारली. (त्या शहरासाठी मेझ्झे येथे हिंदी पलटणींनीही फार रक्त सांडले होते.)

कसोटी लागली ती पुढे, जावा बेटावर. फेब्रुवारी १९४२ मध्ये तेथे उतरलेल्या सुमारे तीन हजार ऑस्ट्रेलियनांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पलटणीची बरीचशी सामग्री दुसऱ्याच जहाजांवर होती! तरीही ल्युविलियांग येथे नदीकाठी त्यांनी जपानी सैन्यास काही दिवस अडविले. ८ मार्चला डचांनी शस्त्रे ठेवली. डोंगरात शिरून झुंजत राहावे, तर पावसाचे दिवस, अन्न नाही, औषध नाही. अखेर १२ मार्चला ब्लॅकबर्न यांनी शरणागती पत्करली. तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा जीव पणास लावला होता. एकोणपन्नासाव्या वर्षी इतरांचे जीव शत्रूच्या हाती सोपवावे लागले. आमच्या मते यातील दुसरेच अधिक अवघड.

जपानच्या कैदेत पडलेल्या बावीस हजारांवर ऑस्ट्रेलियनांपैकी आठ हजारांहून अधिक परतले नाहीत. ब्लॅकबर्न यांची सुटका १९४५ साली दूर मांचुरियात, मुकडेन येथे झाली. मनुष्य कसा मेला हे साक्षीदारांस विचारण्यात ज्यांची वर्षे गेली, ते १९४६ साली युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात स्वतःच साक्ष देण्यास टोकियोस गेले.