पीटर होएग : रहस्यकथेआडचा वसाहतीचा प्रश्न

एखाद्या कलाकृतीची लोकप्रियताच तिच्या आकलनाच्या आड यावी, असे वाङ्मयेतिहासात अनेकदा घडते. डॅनिश कादंबरीकार पीटर होएग यांच्याबाबतीत नेमके हेच झाले.

होएग यांचा जन्म १९५७ मध्ये कोपनहेगन येथे झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी तौलनिक साहित्याचे अध्ययन केले. नर्तक, नट आणि खलाशी म्हणूनही ते वावरले. पहिली कादंबरी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु जागतिक कीर्ती दिली ती १९९२ च्या ‘मिस स्मिलाची हिमाची जाण’ या कादंबरीने. १९९३ मध्ये तिला गुन्हेगारी कादंबरीसाठीचा ‘काचेची किल्ली’ हा नॉर्डिक पुरस्कार लाभला, १९९७ मध्ये बिले आउगुस्ट यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि ‘रहस्यकथा’ हे बिरुद तिला कायमचे चिकटले.

वस्तुतः येथे रहस्य हे केवळ निमित्त आहे. स्मिलाची आई ग्रीनलंडची शिकारी, तर वडील डॅनिश डॉक्टर. छपरावरून पडून मेलेल्या ग्रीनलंडी मुलाचा मृत्यू पोलीस अपघात ठरवतात. स्मिला मात्र हिमावर उमटलेल्या त्याच्या पावलांवरून निराळे सत्य वाचते. हिमाचे हे ज्ञान मातृवंशाकडून आलेले. पण त्याचा उपयोग करून घेतात ते ग्रीनलंडच्या खनिजांवर डोळा असणारे डॅनिश हितसंबंध. ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा १९५३ मध्ये संपला आणि १९७९ मध्ये गृहशासन आले. तरीही ज्ञान कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न सुटला नव्हता. ‘शहर’, ‘समुद्र’ आणि ‘बर्फ’ या तीन भागांतून होणारा स्मिलाचा प्रवास म्हणजे सत्ताकेंद्राकडून त्या प्रश्नाच्या मुळाकडे जाणे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. डॅनिश पुरुष लेखकाने ग्रीनलंडी स्त्रीचा ‘मी’ उसना घ्यावा काय? कादंबरी या आक्षेपातून पूर्णतः सुटत नाही. मात्र स्मिलाला युक्लिडचेही तितकेच प्रेम आहे. ती ‘निसर्गकन्या’ नाही. दोन्ही ज्ञानपरंपरांची वारस असूनही ती कोणत्याच घरची नाही, ही तिची शोकात्मता होएग जपतात. कादंबरीचा अनिर्णित शेवट अनेकांना खटकला. पण गुन्हेगार सापडल्याने ऐतिहासिक अन्यायाचा हिशेब मिटत नाही, हेच त्यातून सूचित होते.

१९९६ नंतर होएग यांनी दहा वर्षे एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. २००६ मधील ‘मूक मुलगी’ने समीक्षकांत तीव्र मतभेद निर्माण केले. यशस्वी साचा पुन्हा न गिरवण्याची ही वृत्ती ध्यानात घेतली, म्हणजे स्मिलाकडेही केवळ रहस्यकथा म्हणून पाहणे किती अपुरे आहे, हे स्पष्ट होते.