कांद्याचा पापुद्रा पडद्यावर

सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून एका वेळी एकच मूल बघू शकतं, आणि त्याला नेमकं काय दिसतंय हे बाईंना कळत नाही. 'दिसलं का?' 'हो बाई.' एवढं बोलून ते मूल बाजूला होतं आणि पुढचं येतं. पुष्कळदा त्याला स्वतःच्याच पापणीचे केस दिसलेले असतात, नाहीतर पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा. काळ्या कडेचा तो गोल इतका ठसठशीत असतो की मुलं वहीत त्याचीच आकृती काढतात आणि खाली 'पेशी' असं लिहितात. डिजिटल सूक्ष्मदर्शकामुळे एकाला दिसतं ते सगळ्या वर्गाला दिसतं, आणि बाईंनाही. पडद्यावरच्या बुडबुड्यावर बोट ठेवून 'हे काय असेल रे?' असं विचारता येतं. तिसरी-चौथीत जीवशास्त्राची सुरुवात करायची तर सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट बघणं आणि तिच्याबद्दल बोलणं, याइतकं मोलाचं काही नाही, असं मला मनापासून वाटतं.

चांदवड तालुक्यातल्या शाळांना यासाठी लागणारा माल विकत आणावा लागत नाही. सातमाळ्याच्या डोंगररांगेलगतचा हा कमी पावसाचा, कांद्याचा तालुका. पेशी पहिल्यांदा बघायची तर जगभरच्या शाळांत कांद्याचाच पापुद्रा घेतात. इथं तो स्वयंपाकघरात आहे, चाळीत आहे, बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आहे. टीव्ही किंवा प्रोजेक्टरही राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून आलेला आहे. राहिलं ते उपकरण.

हजार-दोन हजार रुपयांत मिळणारा यूएसबी सूक्ष्मदर्शक मुठीत मावतो. त्याच्या तोंडाशी एक लहान भिंग असतं आणि भिंगाभोवती पांढऱ्या एलईडी दिव्यांचं कडं. आत, मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तशी, प्रकाश टिपणारी चकती असते. तिच्यावर लाखो बारीक चौकोन असतात. भिंग वस्तूची प्रतिमा या चकतीवर पाडतं, प्रत्येक चौकोन आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजतो, आणि ते आकडे वायरीतून संगणकाकडे जातात. पडद्यावर दिसतं ते त्या आकड्यांवरून रंगवलेलं चित्र. वायरीवरच्या चाकानं दिवे कमीजास्त होतात, अंगावरचं चाक फिरवलं की चित्र स्पष्ट होतं. ओटीजी जोडणी लावून बहुतेक अँड्रॉइड फोनवरही तो चालतो, त्यामुळे वीज गेली म्हणून तास बुडत नाही. घेताना उभा धरणारा स्टँड बरोबर घ्यावाच. हातात धरला तर चित्र इतकं थरथरतं की मुलं कंटाळतात.

खोक्यावर '१००० पट' असं छापलेलं असतं. त्यावर विसंबू नये. किती पट ते मुलांनाच मोजायला लावावं. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी भिंगाखाली ठेवायची आणि पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मावतात ते मोजायचं. समजा २ मिलिमीटर मावले आणि पडद्यावरचं चित्र ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर रुंद आहे. ३०० भागिले २, म्हणजे १५० पट. हेच चित्र प्रोजेक्टरनं भिंतीवर टाकलं की पट वाढते, पण नवीन बारकावा एकही दिसत नाही, फक्त चौकोन मोठे होतात. मोठं दिसणं वेगळं आणि स्पष्ट दिसणं वेगळं, हे चौथीतल्या मुलाला या एका भागाकारातून नीट समजतं.

पहिल्या दिवशी जीवशास्त्र काढूच नये. रुमालाची वीण, मिठाचे चौकोनी खडे, वर्तमानपत्रातल्या फोटोतले ठिपके, स्वतःच्या बोटाचं टोक, एवढं पुरे. बोटावरच्या रेषांमधून घामाचे बारीक थेंब वर येताना दिसले की वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यावा. तोवर चाक फिरवायची सवयही होते.

दुसऱ्या दिवशी कांदा घ्यावा. तो बाईंनी चिरावा. एक जाड पाकळी घेऊन ती बाहेरच्या बाजूला वाकवून मोडायची. आतल्या, खोलगट बाजूला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसतो. तो चिमट्यानं अलगद ओढून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचा. घडी पडली तर सुईच्या टोकानं सोडवायची. वरची पातळ काच ठेवताना तिची एक कड आधी टेकवून ती हळूहळू आडवी करायची, म्हणजे हवा एका बाजूनं निघून जाते आणि बुडबुडे कमी राहतात. मुलांना ही कृती दोन-तीनदा करू द्यावी. पापुद्रा फाटतो, वळतो, हरवतो, त्याला इलाज नाही.

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते. उपकरणाचे दिवे वरून प्रकाश टाकतात. मुंगीसाठी किंवा पानासाठी ते ठीक आहे, पण पारदर्शक पापुद्र्याला प्रकाश खालून लागतो, नाहीतर पडद्यावर नुसती चकाकी येते. म्हणून दोन खोडरबरांच्या आधारानं काचपट्टी थोडी उचलून ठेवायची, खाली मोबाइलची बॅटरी लावायची आणि तिच्यावर पांढरा कागद टाकायचा, म्हणजे प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो. वरचे दिवे पूर्ण बंद करायचे. आता चाक फिरवलं की लांबट, टोकाला निमुळते कप्पे दिसू लागतात, एकाला एक चिकटलेले, मध्ये कुठेही फट नसलेले. लांबीच्या बाजूनं एका मिलिमीटरमध्ये साधारण तीन-चार मावतात, म्हणजे दीडशे पटीला एकेक कप्पा पडद्यावर चारेक सेंटिमीटरचा होतो. औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब काचेच्या कडेनं सोडला की पापुद्रा पिवळसर होतो, आणि उपकरण बरं असेल तर प्रत्येक कप्प्यात एक गडद ठिपका उठून दिसतो. तो पेशीचा केंद्रक.

लाल कांदा असेल तर आयोडीनही नको. पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा काढायचा. रंग पेशीतल्या पाण्यातच विरघळलेला असतो, त्यामुळे कप्पे रंगानं भरलेले दिसतात. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं पाणी ओढून घ्यायचं. काही मिनिटांत रंग भिंतींपासून सुटून आत आक्रसू लागतो. बाहेरच्या खारट पाण्यानं आतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. मग साधं पाणी सोडलं की बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. कोशिंबिरीत मीठ घातल्यावर पाणी का सुटतं, हे रोज घरात बघणाऱ्या मुलीला इथं पहिल्यांदा त्याचं कारण डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते सगळ्या प्राथमिक जीवशास्त्रात हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे, आणि त्याचा खर्च एक कांदा आणि चिमूटभर मीठ.

पेशी डोळ्यात बसली की शेतात जायचं. कांद्याच्या पातीवरचे पांढुरके, चंदेरी चट्टे इथल्या शेतकऱ्याच्या मुलाला नवे नाहीत. 'थ्रिप्स पडलंय' हे वाक्य त्यानं घरात ऐकलेलं असतं, पण ते फुलकिडे नीट पाहिलेले नसतात. असे चट्टे पडलेलं रोप उपटून आणायचं, मधली पात उघडायची आणि पांढऱ्या कागदावर झटकायची. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे पिवळसर कण पळताना दिसतात. ते पारदर्शक डबीत घेऊन वरच्या दिव्यांच्या उजेडात बघायचे. प्रौढ किड्याच्या अरुंद पंखांच्या कडेला केसांची झालर दिसते. हा किडा पातीचा पृष्ठभाग खरवडतो आणि पेशीतला रस शोषतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून चट्टा चंदेरी दिसतो. काल पडद्यावर पाहिलेला भरलेला कप्पा आणि आजचा रिकामा चट्टा यांची सांगड मुलं स्वतःच घालतात. मग पुढचा प्रश्न येतो: फवारणी करूनही हे जात का नाहीत? कारण पोग्यात, पातींच्या सांध्यात ते दडून बसतात, मादी अंडी पातीच्या आत घालते, आणि वाढीची एक अवस्था जमिनीत जाते. दहा वर्षांच्या मुलाशी हे बोलता येतं. संध्याकाळी ते घरी जाऊन वडिलांशीही बोलतं.

चाळीतल्या कांद्यावरची काळी काजळी बघायची असेल तर कांदा पारदर्शक पिशवीत बंद करूनच बघावा. ती बुरशी आहे, तिची बीजं नाकात जाऊ देऊ नयेत. प्रत्येक उभ्या धाग्याच्या टोकावरचं काळं डोकं पिशवीतूनही दिसतं.

पाण्यासाठी जनावरांचा हौद किंवा पाझर तलाव पुरतो. डासाची अळी कमी पटीलाच बघावी: शेपटीकडची श्वासनळी, आतड्याची हालचाल सगळं दिसतं. त्याच पाण्यात झटके देत पोहणारा, एकाच डोळ्याचा, मिलिमीटरभर लांबीचा सायक्लोप्स सापडला तर तास तिथंच थांबवावा. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या असतात. नारूच्या कृमीची पिल्लं याच्या पोटात वाढत आणि पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जात. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हा रोग सोसला आहे. पाणी कापडानं गाळून पिणं हा त्यावरचा मुख्य उपाय ठरला, कारण सायक्लोप्स कापडात अडकतो. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. मुलांना घरी आजी-आजोबांना नारूबद्दल विचारून यायला सांगावं. बघून झालं की पाणी जिथलं तिथं सोडून द्यावं.

या उपकरणाची मर्यादाही स्पष्ट सांगावी. दह्यातले जिवाणू यानं दिसत नाहीत. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. तसं काही दाखवल्याचा आव आणला की मुलं कुठल्याही ठिपक्याला जंतू म्हणू लागतात. रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापातल्या पेशींचं चित्र १६६५ मध्ये छापलं, पण जिवाणू दिसायला डेल्फ्टच्या लेवेनहूकनं हातानं घासलेली इवलीशी भिंगं यावी लागली, तीही त्याच दशकात नव्हे, पुढच्या दशकात. एक पायरी पुढे जायचं असेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी तयार केलेला कागदी फोल्डस्कोप आहे. तो सुमारे १४० पटच मोठं दाखवतो, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीएवढे बारकावे वेगळे दाखवू शकतो आणि मोबाइलवर चिकटवला की पुन्हा सगळ्यांना दिसतो.

आणि नावं शेवटी. आधी बघायचं, मग पडदा बंद करून आठवेल तसं काढायचं, मग पुन्हा बघून दुरुस्त करायचं. चित्राशेजारी तारीख, वस्तू कुठून आणली ते आणि किती पट ते लिहायचं. फोटो काढणं सोपं आहे, पण फोटो काढला की मुलं बघणं थांबवतात. पाचवीपर्यंत विषय परिसर अभ्यासाचा, पेशीरचना सातवीच्या सामान्य विज्ञानात येते. घाई कशाचीच नाही.

कांदा झाल्यावर कुणीतरी बटाट्याचाही पापुद्रा काढायला बघेल. काढू द्यावा. तो तसा निघत नाही, मग बाईंनी शक्य तितकी पातळ चकती कापून द्यावी. आयोडीन टाकलं की ती निळीकाळी होते, कांद्याचा पापुद्रा मात्र पिवळसरच राहिला होता. बटाटा आपला साठा पिष्टाच्या कणांत ठेवतो, कांदा साखरेसारख्या विरघळणाऱ्या रूपात. हे उत्तर लगेच देऊ नये. रताळं, मक्याचा दाणा, कच्चं केळं आणि गाजर, यांच्यावर एकेक थेंब आधी मुलांनाच टाकून बघू द्यावा.